दिव्यांगांच्या रोजगारासाठी पाठपुरावा कसा करावा : नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शन

दिव्यांग व्यक्तींना काम मिळावे म्हणून धडपडू इच्छिणारे अनेक जण भेटतात. कोणी पालक असतो, कोणी विशेष शाळेत शिकवणारा असतो, कोणी स्वतः दिव्यांग असून नोकरीत स्थिरावल्यावर आता इतरांसाठी वेळ देऊ पाहणारा असतो. इच्छा पक्की असते. मात्र कोणत्या कार्यालयात जायचे, तेथे नेमके काय मागायचे आणि नकार मिळाल्यावर पुढे काय करायचे, हे सांगणारे जवळ कोणी नसते. या कामात काही वर्षे घालवल्यानंतर जे टप्पे मला उपयोगी ठरलेले दिसले, ते येथे क्रमाने मांडत आहे. कायदा देशभर एकच असला तरी कार्यालये आणि शासन निर्णय राज्यागणिक बदलतात, म्हणून उदाहरणे प्रामुख्याने महाराष्ट्रातील आहेत.

प्रश्नाचा आकार आधी लक्षात घ्यावा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६व्या फेरीत, म्हणजे जुलै ते डिसेंबर २०१८ या काळात, १५ वर्षे व त्यावरील दिव्यांग व्यक्तींपैकी केवळ २२.८ टक्के व्यक्ती कामात होत्या. त्याच पाहणीत दिव्यांगांमधील बेरोजगारीचा दर ४.२ टक्के दिसतो आणि तो आकडा पुढे करून अनेकदा परिस्थिती बरी असल्याचे सांगितले जाते. त्यावर विश्वास ठेवू नका. जो काम शोधतच नाही, त्याची गणना बेरोजगारांत होत नाही. येथे चार व्यक्तींपैकी तीन व्यक्ती श्रमबलाच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांच्या, बाहेरच होत्या. नकार ऐकून थकलेली, घराबाहेर पडण्याची सोय नसलेली, किंवा ‘तुला काय जमणार’ हे लहानपणापासून ऐकलेली ही माणसे आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचणे हे आपल्या कामाचे पहिले प्रयोजन आहे.

माझे ठाम मत असे झाले आहे की या कामात यश येते ते मागणी नेमकी असेल तेव्हा. ‘दिव्यांगांना संधी द्या’ हे आवाहन सर्वांना मान्य असते आणि त्यातून कोणालाही नोकरी मिळत नाही. अमुक पद, अमुक व्यक्ती, अमुक सोय आणि अमुक तारखेपर्यंत लेखी उत्तर, एवढे कागदावर असेल तर समोरच्याला होय किंवा नाही म्हणावेच लागते. पुढचे सर्व टप्पे ही नेमकी मागणी तयार करण्यासाठी आहेत.

१. कायदा मूळ मजकुरातून वाचा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. संपूर्ण कायदा वाचला तर उत्तमच. किमान रोजगारासंबंधीची कलमे २० ते २३ आणि ३३ ते ३६ तुमच्याजवळ छापील असावीत.

कलम २० शासकीय आस्थापनांना रोजगारात भेदभाव करण्यास मनाई करते, वाजवी सोयी देण्याचे बंधन घालते आणि केवळ दिव्यांगत्वामुळे पदोन्नती नाकारता येणार नाही असे सांगते. सेवेत असताना एखाद्याला दिव्यांगत्व आले, तर त्याला कामावरून काढता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. तो त्या पदासाठी योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर ते उपलब्ध होईपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर संख्येव्यतिरिक्त निर्माण केलेल्या पदावर, ठेवावे लागते. अपघातानंतर ‘स्वेच्छानिवृत्ती घ्या’ असा सल्ला मिळालेले कर्मचारी आणि त्यांची कुटुंबे ही तरतूद माहीत नसल्याने सही करून मोकळी होतात. तुमच्या परिसरातील कामगार संघटनांना हे कलम आवर्जून सांगा.

कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने, खासगीसुद्धा, समान संधी धोरण जाहीर करून त्याची प्रत दिव्यांग व्यक्तींसाठीच्या केंद्रातील मुख्य आयुक्तांकडे किंवा राज्य आयुक्तांकडे नोंदवायची असते. कलम ३४ नुसार शासकीय आस्थापनांतील किमान ४ टक्के रिक्त जागा लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व, असलेल्या व्यक्तींसाठी राखीव आहेत. त्यातील प्रत्येकी १ टक्का अंध व अल्पदृष्टी, कर्णबधिर व ऐकू कमी येणारे, आणि चलनविषयक दिव्यांगत्व यांना मिळतो. चलनविषयक गटात मेंदूचा पक्षाघात, कुष्ठरोगमुक्त, शारीरिक वाढ खुंटलेले, आम्लहल्ल्यातील पीडित आणि स्नायूंची विकृती असलेले येतात. उरलेला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता व मानसिक आजार, तसेच बहुविकलांगता यांना मिळून आहे.

येथे नवख्यांची सर्वांत जास्त गल्लत होते. खासगी कंपनीला ५ टक्के जागा ‘द्याव्याच लागतील’ असे सांगत अनेक कार्यकर्ते आत शिरतात. कलम ३५ तसे म्हणत नाही. आपल्या मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग व्यक्ती असाव्यात यासाठी मालकांना प्रोत्साहन देण्याची जबाबदारी ते शासनावर टाकते. कंपनीच्या कायदा विभागाला हा फरक माहीत असतो आणि पहिल्याच भेटीत तुमचे विधान चुकीचे ठरले, तर पुढचे बोलणे कोणी गंभीरपणे घेत नाही. खासगी क्षेत्रात आपला आधार कलम २१ चे धोरण हाच धरावा. तो पुरेसा भक्कम आहे.

२. एकट्याने उतरू नका

आपापल्या प्रकारच्या दिव्यांगत्वापुरते काम करण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. १९९५ चा पहिला कायदा झाला तेव्हा दिव्यांग हक्क कार्यकर्ते जावेद आबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत वेगवेगळ्या दिव्यांगत्वाच्या लोकांना एकत्र रस्त्यावर आणले होते. त्या एकीशिवाय संसदेने इतक्या घाईने विधेयक हाती घेतले असते असे मला वाटत नाही. तुमच्या गटात अंध, कर्णबधिर, चाकाची खुर्ची वापरणारे आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांचे पालक असे सर्व असतील याची काळजी घ्या. मानसिक आजार असलेल्या व्यक्ती बैठकींना फारशा येत नाहीत, म्हणून त्यांना मुद्दाम बोलवावे लागते. निर्णय घेणाऱ्यांत बहुसंख्य स्वतः दिव्यांग असावेत.

३. कागदपत्रे आधी पूर्ण करा

जाहिरात निघाल्यावर कागदपत्रांमागे धावणे म्हणजे ती संधी गमावणे होय. प्रत्येक उमेदवाराची पुढील कागदपत्रे मूळ प्रतीत, छायांकित प्रतीत आणि मोबाइलमध्ये तयार असावीत:

- दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजेच यूडीआयडी कार्ड
- आधार कार्ड आणि अधिवासाचा दाखला
- दहावीपासूनची शैक्षणिक प्रमाणपत्रे व गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला
- लागू असल्यास जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन क्रीमीलेअर दाखला
- संगणक, टंकलेखन किंवा आयटीआय यांची प्रमाणपत्रे
- बँक खात्याचे पासबुक व पॅन कार्ड
- सेवायोजन कार्यालयातील नोंदणीचा पुरावा
- लागणाऱ्या सोयींचे एक पानी निवेदन (याबद्दल पुढे लिहिले आहे)

यूडीआयडीसाठी अर्ज ‘स्वावलंबन’ या केंद्रीय पोर्टलवर करता येतो; तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा अधिकृत वैद्यकीय मंडळासमोर होते. कार्डाचा रंग दिव्यांगत्वाच्या टक्केवारीनुसार असतो: ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळा आणि ८० टक्के व त्यावर निळा. तपासणीच्या दिवशी जुने केसपेपर, शस्त्रक्रियेचे कागद आणि श्रवणचाचणीचे किंवा डोळ्यांचे अहवाल सोबत असले तर पुन्हा हेलपाटा पडत नाही.

तीन ठिकाणी विशेष जपावे. पहिले म्हणजे नाव: आधारवर ‘सुनिता’, दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘सुनीता’ आणि यूडीआयडीवर केवळ आडनावाचे आद्याक्षर, एवढ्या फरकावरून कागदपत्र पडताळणीत उमेदवार अडतो. दुसरे म्हणजे मुदत: काही प्रमाणपत्रे तात्पुरती असतात आणि त्यांची मुदत भरती चालू असतानाच संपते. तिसरे म्हणजे दलाल. रुग्णालयाच्या आवारात टक्केवारी वाढवून देतो असे सांगणारा कोणी भेटला तर उमेदवाराला तेथून बाजूला घ्या. दिव्यांगांसाठीचे लाभ फसवणुकीने घेणे हा कलम ९१ खाली गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय बनावट प्रमाणपत्रांमुळे सुरू होणाऱ्या फेरतपासण्यांचा त्रास खऱ्या दिव्यांगांनाच सोसावा लागतो.

ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी आहे त्यांना आरक्षण मिळत नाही, परंतु त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवू नका. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वाजवी सोयी मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत असत आणि त्याने लेखनिक मागितला होता.

४. उमेदवाराशी स्वतः बोला

पालक किंवा भाऊ सोबत येतो आणि सर्व प्रश्नांची उत्तरे तोच देतो, हे नेहमीचे आहे. नम्रपणे त्यांना थांबवून व्यक्तीला स्वतःला विचारा. कर्णबधिर व्यक्ती असेल तर घरातील माणसाऐवजी सांकेतिक भाषेचा दुभाषा ठेवा. कोणते काम आवडते, कोणते जमते, कोणते अजिबात नको, घरापासून किती अंतरापर्यंत रोज जाता येईल, पाळीचे काम चालेल का, औषधांच्या वेळा कोणत्या, स्वच्छतागृहासाठी मदत लागते का, हे सर्व विचारावे. शेवटचा प्रश्न अवघड वाटतो म्हणून टाळला जातो, आणि पुढे नेमके त्याच कारणाने नोकरी सुटते. स्त्रिया दिवसभर पाणी न पिता काम करतात आणि आजारी पडतात.

कुटुंबाची एक भीती खरी असते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारख्या योजनांना उत्पन्नाची अट आहे. नोकरी लागली की अनुदान बंद होईल आणि नोकरी टिकली नाही तर दोन्ही जाईल, असा त्यांचा हिशेब असतो. त्याला ‘मागासलेली मानसिकता’ म्हणू नका. तहसील कार्यालयात अनुदान पुन्हा सुरू करण्याची पद्धत काय आहे ते आधी विचारून घ्या आणि पगार, प्रवासखर्च व अनुदान यांचा हिशेब कुटुंबासमोर कागदावर मांडा.

या संभाषणातून एक पानी निवेदन तयार होते. त्यात निदानाचे वर्णन नको. ‘मी हे काम असे करतो, त्यासाठी मला या दोन-तीन गोष्टी लागतात’ एवढेच त्यात असावे, आणि ते उमेदवाराच्या संमतीशिवाय कोणालाही देऊ नये.

५. शासकीय जागांसाठी माहिती अधिकार वापरा

राखीव जागा भरल्या का, हे कार्यालयात जाऊन तोंडी विचारले तर ‘आमच्याकडे अनुशेष नाही’ हेच उत्तर मिळते. म्हणून माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली अर्ज करा. महाराष्ट्रात हा अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करायचा असतो. तो एकाच विषयावर व १५० शब्दांच्या आत असावा लागतो. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे आणि उत्तर न आल्यास पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. अर्जात हे मागावे:

- १९ एप्रिल २०१७ नंतर सरळसेवेने भरलेल्या पदांची गट व संवर्गनिहाय संख्या
- दिव्यांग आरक्षणाच्या बिंदुनामावलीची, म्हणजे कोणत्या क्रमांकाची जागा कोणासाठी राखीव ते दाखवणाऱ्या नोंदवहीची, प्रमाणित प्रत
- त्यातून नेमलेल्यांची दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार संख्या, नावे वगळून
- न भरल्याने पुढील भरती वर्षात ओढलेल्या राखीव जागांची संख्या
- आस्थापनेला कलम ३४ मधून सूट दिली असल्यास त्या अधिसूचनेची प्रत

कलम २३ खाली नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचे (त्याच्याबद्दल पुढे लिहिले आहे) नाव हा वेगळा विषय ठरतो, म्हणून त्यासाठी स्वतंत्र अर्ज करा. ‘जागा का भरल्या नाहीत’ असा प्रश्न लिहू नका. जन माहिती अधिकारी अभिलेखात असलेली माहिती देण्यास बांधील असतो, कारणे शोधून देण्यास नाही, आणि असा एक प्रश्न असला की संपूर्ण अर्जालाच टाळाटाळीचे उत्तर येते.

आलेली बिंदुनामावली तपासताना दोन गोष्टी पाहा. केंद्र सरकारच्या कार्यालयांत १०० बिंदूंच्या नोंदवहीत १, २६, ५१ आणि ७६ हे बिंदू दिव्यांगांसाठी असतात. राज्याच्या कार्यालयांसाठी सामान्य प्रशासन विभागाचा २९ मे २०१९ चा शासन निर्णय सोबत ठेवा. दुसरे म्हणजे जागा मोजल्या कशा. सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड प्रकरणात सांगितले आहे की आरक्षणाची गणना केवळ दिव्यांगांसाठी सुनिश्चित केलेल्या, म्हणजे योग्य म्हणून निवडलेल्या, पदांवर न करता संवर्गातील एकूण रिक्त जागांवर करायची. तो निकाल जुन्या कायद्याखालचा असला तरी कलम ३४ चे शब्द आता संवर्गसंख्येचाच उल्लेख करतात. तरीही अनेक कार्यालये सुनिश्चित पदांचाच हिशेब दाखवतात.

‘योग्य उमेदवार मिळाला नाही, म्हणून जागा खुल्या प्रवर्गातून भरली’ हे उत्तरही वारंवार येते. ती जागा आधी पुढील वर्षी ओढावी लागते. त्या वर्षीही उमेदवार न मिळाल्यास पाच प्रवर्गांत अदलाबदल करून भरण्याचा प्रयत्न करावा लागतो, आणि त्यानंतरच ती इतरांना देता येते. कार्यालयाने यांतील कोणती पायरी वगळली ते तारखांसह दाखवा.

पदे सुनिश्चित करण्याची केंद्राची यादी ४ जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेत आहे आणि तीत ३,५६६ पदे आहेत. एखादे पद यादीत नाही म्हणून ते दिव्यांगांसाठी बंद आहे असा अर्थ होत नाही, हे त्या अधिसूचनेतच नमूद आहे. त्या ओळीवर खूण करून ठेवा, ती फार उपयोगी पडते.

६. खासगी मालकाकडे जाताना

पहिली भेट मनुष्यबळ विभागाची घेतली तरी दुसरी भेट प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्या पर्यवेक्षकाची असावी. त्याच्यासोबत कामाच्या जागी दिवसभर थांबा आणि कामाचे तुकडे लिहून काढा: काय उचलावे लागते, काय वाचावे लागते, कोणाशी बोलावे लागते, किती वेळ उभे राहावे लागते. बहुतेक पदांच्या वर्णनात ‘उत्तम संभाषणकौशल्य’ आणि ‘दुचाकी आवश्यक’ अशा अटी सवयीने घातलेल्या असतात. प्रत्यक्षात कामाला त्यांची गरज नसते. अशी प्रत्येक अट पर्यवेक्षकासमोर एकेक करून तपासली की पद आपोआप खुले होऊ लागते. मुंबईतील मिरॅकल कुरिअर्सने पाकिटांची वर्गवारी आणि पोचवणी कर्णबधिर कर्मचाऱ्यांकडे सोपवली ती याच विचाराने. मात्र असे एक उदाहरण यशस्वी झाले की सर्व कर्णबधिरांना कुरिअरकडे आणि सर्व अंधांना दूरध्वनी केंद्राकडे पाठवण्याचा मोह होतो. तो टाळावा, वाणिज्य पदवीधर कर्णबधिर तरुणीची जागा लेखा विभागात आहे.

सोयी सुचवताना त्या इतक्या नेमक्या असाव्यात की खरेदी विभागाला लगेच कृती करता यावी.

अंध कर्मचाऱ्यासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी संगणक प्रणाली, विनामूल्य मिळतो, त्यामुळे खर्चाचा प्रश्न सहसा येत नाही. खरी अडचण कंपनीच्या अंतर्गत संगणक प्रणालीत असते: हजेरी, रजा किंवा बिले यांची प्रणाली स्क्रीन रीडरने वाचता येत नाही. रुजू होण्याच्या आधी एका अंध व्यक्तीकडून ती तपासून घ्या आणि अडणाऱ्या ठिकाणांची यादी माहिती तंत्रज्ञान विभागाला द्या.

कर्णबधिर कर्मचाऱ्यासाठी ‘लिहून सांगू’ असे आश्वासन मिळते. भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण मराठीपेक्षा वेगळे आहे आणि अनेक कर्णबधिरांना शाळेत त्यांच्या भाषेतून शिकायलाच मिळालेले नसते, म्हणून लांबलचक लेखी सूचना त्यांना कळतीलच असे नाही. प्रशिक्षणाच्या दिवसांत दुभाषा, नंतर चित्रांसह छोट्या सूचना, आवाजी संदेशांऐवजी लिखित संदेश, आणि आगीच्या इशाऱ्यासाठी चमकणारा दिवा या चार गोष्टी मागा. दिव्याचा मुद्दा सुरक्षेचा आहे, त्यावर तडजोड करू नका.

चाकाची खुर्ची वापरणाऱ्यासाठी उतार १:१२ पेक्षा, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीपेक्षा, तीव्र नसावा. उतार बांधलेला असतो आणि त्याच इमारतीतील सुगम स्वच्छतागृह साहित्य ठेवण्यासाठी कुलूपबंद असते, म्हणून पाहणीची सुरुवात स्वच्छतागृहापासून करा.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीसाठी पहिल्या आठवड्यांत सोबत राहणारा प्रशिक्षक, कामाच्या पायऱ्यांचा चित्रतक्ता आणि न बदलणारा पर्यवेक्षक लागतो. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला बहुधा वेळेची लवचिकता, डॉक्टरकडे जाण्यासाठी रजा आणि गोपनीयता एवढेच हवे असते. सकाळी औषधांची गुंगी राहत असेल तर तासभर उशिरा कामाची सुरुवात ठेवल्याने नोकरी टिकते.

या भेटींनंतर समान संधी धोरणाचा विषय काढा. केंद्रीय नियम २०१७ मधील नियम ८ नुसार २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात सोयीसुविधा, दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, प्रशिक्षण, बदली, विशेष रजा, सहायक साधने, अडथळामुक्त वातावरण आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक या बाबी याव्या लागतात. बऱ्याच कंपन्या एखादा तयार नमुना नाव बदलून संकेतस्थळावर टाकतात. त्यात पदांची यादी आहे का आणि संपर्क अधिकाऱ्याचे नाव आहे का, एवढे पाहिले तरी धोरण खरे की नावापुरते हे कळते.

७. निवडीच्या दिवशी

लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ देण्याची तरतूद केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. लेखनिकासंबंधीचे नियम मात्र बदलत राहतात, म्हणून त्या भरतीला लागू असलेली सूचना जाहिरातीसोबतच मिळवा आणि लेखनिकाची मागणी अर्ज भरतानाच नोंदवा. मुलाखतीसाठी दुभाष्याची विनंती ईमेलने करावी, म्हणजे नोंद राहते.

वैद्यकीय तपासणीचा टप्पा सर्वांत धोक्याचा आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या तरी पूर्ण अंधत्वाचे कारण देऊन त्यांना रेल्वे लेखा सेवेत घेतले गेले नाही. पुढच्या प्रयत्नात त्या भारतीय प्रशासकीय सेवेत निवडल्या गेल्या आणि केरळमध्ये उपजिल्हाधिकारी झाल्या. प्रत्येकाला दुसरी संधी मिळत नाही. उमेदवाराला ‘अपात्र’ ठरवले तर कोणते काम, कोणत्या कारणाने आणि कोणती सोय दिल्यानंतरही जमणार नाही, हे लेखी मागा. ओंकार गोंड प्रकरणात १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाबाबत म्हटले की केवळ टक्केवारीच्या आकड्यावरून कोणाला अपात्र ठरवता येत नाही, क्षमतेची प्रत्यक्ष पाहणी व्हावी लागते. नोकरीच्या प्रकरणातही हा युक्तिवाद जरूर मांडावा.

८. रुजू झाल्यानंतरचे सहा महिने

नेमणुकीचे पत्र हातात पडले की छायाचित्रे निघतात आणि कार्यकर्ते पुढच्या कामाला लागतात. माझ्या पाहण्यात नोकऱ्या सुटतात त्या याच काळात, आणि कारणे क्वचितच कामाच्या कुवतीशी निगडित असतात. बसची वेळ बदललेली असते, समजून घेणाऱ्या पर्यवेक्षकाची बदली झालेली असते, डबा खाताना शेजारी कोणी बसत नाही. पहिला महिना दर आठवड्याला आणि नंतर महिन्यातून एकदा कर्मचाऱ्याशी कार्यालयाच्या बाहेर बोला. कंपनीच्या आवारात, वरिष्ठांच्या देखत, कोणी खरे सांगत नाही.

सहकाऱ्यांचे प्रशिक्षण दयेच्या सुरात होऊ देऊ नका. ‘त्यांना सांभाळून घ्या’ असे सांगितले की सहकारी त्यांच्या वाटचे काम स्वतः करू लागतात आणि वर्षाच्या शेवटी मूल्यमापनात त्या व्यक्तीच्या नावापुढे काहीच राहत नाही. मग पगारवाढ नाही, पदोन्नती नाही. त्याच पदावरील इतरांइतकेच उद्दिष्ट आणि इतकेच वेतन असावे; बदल फक्त काम करण्याच्या पद्धतीत व साधनांत असावा.

एका प्रकाराला ठामपणे नकार द्यायला शिका. काही ठिकाणी आकडा दाखवण्यासाठी दिव्यांग व्यक्तीला कंत्राटदारामार्फत कागदोपत्री नेमून घरी बसवले जाते आणि थोडी रक्कम खात्यात जमा होते. कुटुंबाला ते सोयीचे वाटते. परंतु त्यातून ना अनुभव मिळतो, ना पुढची नोकरी, आणि जिला खरोखर काम हवे होते त्या व्यक्तीची जागा अडते.

महिला कर्मचाऱ्यांना लैंगिक छळाविरुद्धच्या अंतर्गत समितीची माहिती त्यांना समजेल अशा स्वरूपात मिळाली आहे का, ते स्वतः तपासा. कर्णबधिर महिलेला समितीपुढे दुभाष्याविना तक्रार मांडता येत नाही. पगारपत्रकही एकदा पाहून घ्या: महाराष्ट्रात कायम दिव्यांगत्व असलेल्यांना व्यवसायकरातून सूट आहे, तरी प्रमाणपत्र सादर न केल्याने तो कापला जातो.

९. तक्रार करावी लागली तर

प्रत्येक पत्राची पोच, आवक क्रमांक आणि तारीख असलेली नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा. फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी ‘आपल्या आजच्या बोलण्यानुसार’ असे लिहून ईमेलने पाठवावे.

शासकीय आस्थापनेविरुद्ध पहिली तक्रार कलम २३ खालील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाते. त्याने तक्रार नोंदवहीत घेऊन दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. त्यानंतर, किंवा प्रकरण गंभीर असल्यास थेट, आयुक्तांकडे जा. राज्य शासन, जिल्हा परिषद, महापालिका यांच्याविरुद्धची तक्रार पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँका आणि केंद्राची कार्यालये यांच्याविरुद्धची तक्रार दिल्लीतील मुख्य आयुक्तांकडे. आयुक्तांना साक्षीदार बोलावणे व कागदपत्रे मागवणे याबाबत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

तक्रार दोन पानांची असावी: घटनाक्रम तारखांसह, मोडलेले कलम, आणि मागितलेली दाद. दाद मागताना ‘न्याय मिळावा’ असे लिहून थांबू नका. ‘अमुक पदावर अमुक तारखेपासून नेमणूक, मधल्या काळाची ज्येष्ठता, आणि अमुक साधन ३० दिवसांत’ असे लिहा. आयुक्तांचा आदेश बहुधा तुमच्या मागणीच्याच शब्दांत उतरतो. तक्रारदाराची लेखी संमती घ्या आणि सूड उगवला जाण्याची शक्यता असेल तर ती आधीच त्याला समजावून सांगा. पुढे जायचे की थांबायचे हा निर्णय त्याचाच असतो.

कायदा मोडल्याबद्दल कलम ८९ खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आयुक्तांनी शिफारस केल्यावर संबंधित प्राधिकरणाने तिच्यावर कार्यवाही करून तीन महिन्यांत तसे कळवायचे असते, आणि ती मान्य नसेल तर नकाराची कारणे आयुक्तांना व तक्रारदाराला कळवावी लागतात. ती तीन महिन्यांची तारीख शिफारस हाती येताच नोंदवहीत लिहा. त्या तारखेपर्यंत कारणे आली नाहीत किंवा आलेली कारणे पटली नाहीत, तर पुढची पायरी उच्च न्यायालयातील रिट याचिकेची आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य वकिलाची मागणी करता येते, कारण विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दिव्यांग व्यक्ती अशा मदतीस पात्र आहेत. त्या वकिलाला देण्यासाठी माहिती अधिकारातील उत्तरे, बिंदुनामावलीची प्रत, ईमेल आणि आवक क्रमांक असलेली पत्रे तारखेच्या क्रमाने एकाच फाइलमध्ये लावून ठेवा.